अर्धा घोडा

सोमवार. उद्यमनगरात लेथ बंद,
तरी हवेला लोखंडाच्या किसाचा वास.
आबांचं पिस्तूल टर्किश टॉवेलात,
टॉवेल भाजीच्या पिशवीत,
वर मेथीची एक जुडी.
मेथी कशाला, मलाच ठाऊक नाही.

‘आलो चाचा,’ मी म्हटलं
(इथं आम्ही बायकाही ‘आलो’च म्हणतो),
‘ठाण्यात जमा करायचंय. त्याआधी एकदा बघा.’
नजीरचाचा शिकलगारांनी कपाळावरचा चष्मा उतरवला,
टॉवेल उघडला,
आणि आधी पिस्तुलाचं तोंड फिरवलं
कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडं.
‘घोडा बघितलासा काय?’

बघितला होता. अकरा वर्षं,
कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पैठणीच्या मागं,
ना बसलेला, ना उठलेला.
मला वाटायचं, असाच असतो तो.

‘ह्याला तीन जागा.’
बोट चापापासून लांब, फळीसारखं सरळ.
‘खाली टेकला, झोपला. पण जुन्या मालात
झोपेतबी घोड्याचं कपाळ सुईला लागलेलं ऱ्हातंय.
सगळा मागं वढला, उभा. मग चापाला नुसता श्वास पुरे.
आन् ही मधली.’
मधलीवर बोट ठेवलं नाही. लांबनंच दावली.
‘लोकास्नी वाटतं, ही इसाव्याची. न्हाई.
चढवताना अंगठा निसटला, घामानं म्हणा, भ्यानं म्हणा,
तर घोडा अडावा म्हणून कारागिरानं ठेवलेली खाच.
पडणाऱ्याला धरायची जागा हाय ही.
ऱ्हायाची न्हवं.’

आबा साखर कारखान्यात कॅशियर.
पगाराच्या दिवशी जीप, मांडीवर पेटी, कमरेला हे.
तेवीस वर्षांत एकदाही उडालं नाही.
नोकरी संपली तरी लायसनची मुदत कधी चुकली नाही.

आणि घरात त्यांचा एकच शब्द: बघू.
पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म, बघू.
शशीदादानं आणलेली मुलगी, बघू.
आईचा मोतीबिंदू, बघू,
आणि आई बघायची थांबली.
पुरते रागावलेसुद्धा नाहीत कधी.
त्या शब्दाखालून आम्ही सगळे
वाकून ये-जा करायचो.

चाचांनी मॅगझिन काढलं. रिकामं.
मी श्वास सोडला.
‘थांबा.’
स्लाइड मागं ओढली
आणि टेबलावर काहीतरी टुणकन पडलं,
घरंगळलं, कानशीला अडून थांबलं.
हिरवं पडलेलं एक काडतूस.

त्याच कपाटाची मूठ धरून माझी मृण्मयी
उभी राहायला शिकली.
त्याच कपाटाचं दार
मी अकरा वर्षं कंबरेच्या धक्क्यानं लावलं.

चाचा काही बोलले नाहीत.
तांब्यातलं पाणी प्याले. आत चहा सांगितला.
नळीच्या मागच्या घरात करंगळी घालून बघितली,
डोळ्यांनी बघितलं, पुन्हा करंगळी.
‘आता रिकामं.’
मग काडतूस माझ्याकडं न देता
बाटलीच्या टोपणात उभं करून ठेवलं
आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत म्हणाले,
‘चढवायला गेलं असतील एखाद्या रात्री.
अंगठा निसटला. खाचंनं धरला.
आन् मग तसाच ठेवला.’
कुणासाठी चढवत होते,
ते त्यांनी विचारलं नाही.
मीही नाही.
चहात आलं जास्त झालं होतं.

ठाण्यात हवालदारानं रजिस्टर ओढलं.
पिस्तूल, जुने, नग एक. काडतूस, नग एक.
‘चालू का बंद?’
‘बघ...’ एवढं जिभेवर आलं,
आणि दातात धरलं मी ते.
‘चालू,’ म्हटलं. ‘लिहा. चालू.’

घरी येईस्तोवर मेथी मलूल,
पानांना बंदुकीच्या तेलाचा वास.
टाकून द्यायला हवी होती.
ओट्याशी बसून
काडी न् काडी निवडली.